ओटी कुणाची

सन २०२४. मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या वर्षी मी भरल्या सभेत माइकवर एक वाक्य बोललो आणि माझ्या सुनेला चार महिने लोकांत जाणं मुश्कील करून ठेवलं. वाक्य खोटं नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणत होतो. पण नुसतं खोटं नसून भागत नाही, हे कळायला मला ऑगस्ट उजाडावा लागला.

बहारीनला मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा चोविशीत होतो. जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत हेल्पर म्हणून लागलो, फिटर झालो, फोरमन होऊन बाहेर पडलो. शाळा चौथीपर्यंत. पण ड्रॉइंग माझ्यापुढं पसरा, कुठला पाइप कुठं जातो ते मी बोट ठेवून सांगेन. रिटायर झाल्यावर गावी साताऱ्याकडं गेलो. दोन वर्षं काढली, जीव रमला नाही. मुलगा इथंच शिकलेला, इथंच एका कंपनीत इंजिनिअर. त्यानं मला आणि त्याच्या आईला आपल्या व्हिसावर परत आणलं. तेव्हापासून आम्ही चौघं राजधानीत, मनामाच्या नईम भागात, एका जुन्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे इथलं किराणा दुकान, शेजारी खुबूसची, अरबी रोट्यांची भट्टी. सकाळी भाजलेल्या पिठाचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो.

त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सुनेला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा फुकट गेले. दुसऱ्या वेळी रक्त थांबेना, डॉक्टरांनी तिची पिशवीच काढून टाकली. सून वाचली हे पुष्कळ झालं. त्यानंतर घरात मूल हा शब्द कुणी काढत नव्हतं. टीव्हीवर दुधाच्या पावडरची जाहिरात लागली की माझी बायको उगाच उठून भांडी विसळायला जायची.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मुलगा मला गच्चीवर घेऊन गेला. तिथं पाण्याच्या टाक्यांमागं थोडं वारं लागतं.

"बाबा, डिसेंबरात आम्ही जॉर्जियाला फिरायला गेलो नव्हतो," तो म्हणाला.

"मग काय लपायला गेला होता?"

"डॉक्टरकडं."

मग त्यानं सगळं सांगितलं. इथं ते होत नाही. भारतात कायदा बदललाय, आपल्यासारख्यांना फार अवघड झालंय. जॉर्जियात, त्या रशियाशेजारच्या देशात, रीतसर होतं. बीज सुनेचं आणि माझ्या मुलाचं, वाढणार तिथल्या एका बाईच्या पोटात. बाई लग्नाची, तिला स्वतःचा एक मुलगा. तिला मोबदला मिळणार आणि तो कशाला लावायचा ते तिचं ती ठरवणार. बाळ झालं की कागदावर आई म्हणून आपली सून.

"आणि लागलं, बाबा," तो म्हणाला. "कालच रिपोर्ट आला."

मी टाकीला टेकलो. खरं सांगतो, पहिल्यांदा मला ते रुचलं नाही. परक्या मुलखातली बाई, तिची भाषा कुठली, ती खाते काय, तिच्या पोटात माझं नातवंड. रात्रभर... नाही, रात्री मी झोपलो, झोप माझी कधी मोडत नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता माझं मला सुचलं. जहाज गोदीत उभं राहतं म्हणून काही ते गोदीचं होत नाही. दुरुस्ती झाली की ज्याचं त्याच्याकडं जातं. मी ते मोठ्या ऐटीत सुनेला सांगितलं.

ती हसली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "बाबा, पण ती बाई गोदी नाही. तिला उलट्या होतात."

मला राग आला. आपण इतकं चांगलं काही शोधून काढावं आणि पोरीनं एका वाक्यात ते पाण्यात घालावं. पण पुढचं तिनं हलकेच विचारलं. "बाळ हातात येईपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही. चालेल ना?"

"मी काय गावभर दवंडी देत फिरतो व्हय?" मी म्हणालो.

फिरत नाही. दवंडी मी माइकवर दिली.

इथं आपल्या लोकांचं मंडळ आहे. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी मनामात एका हॉलमध्ये वंदना होते, मग जेवण. एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम मोठा असतो. पांढरे शर्ट, पांढऱ्या साड्या, पोरं इंग्रजीत भाषणं करतात. वयानं मी सगळ्यांत मोठा, म्हणून दरवर्षी दोन शब्द बोलायचा मान माझा. त्या वर्षी स्टेजवर चढताना एका बँकेतल्या गृहस्थानं मला हटकलं. त्याला दोन नाती, दोन्ही त्या दिवशी नाचल्या होत्या.

"जयभीम, काका. पुढच्या जयंतीला तरी नातवंडाचं पेढं देणार का?"

त्याच्या मनात वाईट नसेल. पण त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं, ते मी पाहिलं. त्या ढोसण्यात माझ्या सुनेची कीव होती. तीच मला सोसली नाही. माइक हातात आला आणि मी म्हणालो, "पुढच्या जयंतीपर्यंत थांबायचं काम नाही. आमच्या घरात पाळणा हलणार आहे. सुनेला दिवस गेलेत."

टाळ्या. बायका उठून सुनेभोवती जमल्या. कुणी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, कुणी पोटावर हात ठेवला. मी वरून पाहत होतो. सून हसत होती, पण पोटावरचा तो हात तिनं दोन्ही हातांनी धरून हळूच बाजूला केला. तिथं टाक्यांची खूण आहे.

आम्ही घरी आलो. दार लावल्यावर मुलगा बोलला. "बाबा, का? फक्त एवढंच मागितलं होतं तुमच्याकडं."

"खोटं काय बोललो? दिवस गेलेतच की!"

"कुणाला गेलेत?"

"आपल्या घराला गेलेत."

माझ्या बायकोनं मधे तोंड घातलं. "आता झालं ते झालं. सैल कुडतं घाल पोरी, चार महिन्यांनी जरा उशी-बिशी बांध. सातव्यात म्हायेरला गेली म्हणू. लोक काय पोट उघडून बघत्यात व्हय?"

"आई, मी पोटाला काही बांधणार नाही," सून म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "ज्या जागेसाठी मी दोनदा रडलेय, त्या जागेवर मी उशी नाही बांधणार."

मग ती माझ्याकडं वळली. "बाबा, तुम्हीच सांगितलंत, तुम्हीच नीट सांगा. पुढच्या शुक्रवारी."

मी सांगितलं नाही. चाळीस माणसांपुढं माइकवर बोललेला शब्द परत घ्यायचा? गोदीत इंग्रज साहेबापुढं मी कधी घेतला नव्हता. मी म्हणालो, "बघू." सगळ्या घराला माहीत आहे, माझं "बघू" म्हणजे नाही.

सुनेनं शुक्रवारचं येणं बंद केलं. तिला बरं वाटत नाही, असं माझी बायको सांगायची. त्यानं उलट झालं. बायकांची माया उतू चालली. कुणी कैऱ्या पाठवल्या, कुणी चिंचेचा ठेचा, कुणी कोकणातून आलेलं आमसूल. अमवाजला राहणारी एक बाई तर गाडी काढून एवढ्या लांबून लोणच्याची बरणी देऊन गेली. सून ते सगळं फ्रिजमध्ये ठेवायची आणि फ्रिजचं दार लावून तसंच दाराला हात लावून उभी राहायची. ते बघवेना म्हणून सगळ्या कैऱ्या मी खाल्ल्या. आठ दिवस दात आंबले. मुलगा म्हणाला, "बाबा, डोहाळे तुम्हालाच लागलेत."

आठवड्यातून एकदा जॉर्जियातल्या त्या बाईशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. मधे दवाखान्याची एक मुलगी असायची, ती त्यांच्या भाषेचं इंग्रजी करायची, सून आम्हाला मराठीत सांगायची. सुरुवातीला मी मागं भिंतीला उभा राहायचो. मला त्यातलं काय कळणार? पण बघत होतो. बाईचे हात लाल, कामाचे. मागं गॅसवर कायम काहीतरी शिजत असायचं. तिचा पोरगा मधूनच येऊन जीभ काढून जायचा. सुनेनं आपल्या आवाजात मराठी बोलून रेकॉर्ड करून पाठवलेलं असायचं, ती बाई ते रोज फोनवरून पोटाला लावून ऐकवायची. त्यातला एक शब्द तिला पाठ झाला होता. सुनेकडं बघून म्हणायची, "बाळा." तिचा ळ काही नीट वळत नव्हता.

जूनमध्ये एकदा तीच म्हणाली, "तो मागचा म्हातारा माझ्यावर रागावलाय का?"

सुनेनं मराठी केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढं आलो आणि जे आपल्यात विचारतात ते विचारलं. "तिला विचार, खावंसं काय वाटतं."

मधल्या मुलीला प्रश्न कळेना. सुनेनं तिला दोनदा समजावलं, की आमच्याकडं पोटुशीला घरच्यांनी हे विचारायचंच असतं. शेवटी प्रश्न पोचला. बाई हसायला लागली. कलिंगड, म्हणाली. कलिंगडाबरोबर खारट चीज. तिला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा नाही. मग म्हणाली, "म्हाताऱ्याला सांगा, पोर हट्टी आहे. लाथ मारायला लागलं की आपल्या मनानंच थांबतं."

"आमच्यावर गेलंय," मी म्हणालो. फोन बंद झाल्यावर सून माझ्याकडं बघून नुसती मान हलवत होती. गोदीची उपमा मी परत कधी दिली नाही.

जुलैच्या शेवटी मंडळातल्या बायकांनी डोहाळजेवण ठरवलं. मंडळातल्या सगळ्यांत जुन्या बाई, त्यांना सगळे ताई म्हणतात, त्यांनी फोन करून माझ्या बायकोला सांगूनच टाकलं. काकू, तुम्ही काही करायचं नाही, हिरवी साडी आम्ही घेतो, फुलांचे दागिने आम्ही करतो, फक्त तुमचं घर आणि तुमची सून. ऑगस्टमधला दुसरा शुक्रवार.

फोन ठेवून बायको माझ्यापुढं येऊन बसली. "आता?"

सून ऑफिसातून आली, तिला सांगितलं. तिनं बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. मला म्हणाली, "मी नाही बसणार, बाबा. लाज वाटते म्हणून नाही. माझं मूल वाढतंय, मला मिरवायचं आहे. पण हे नाटक करून बसले, की मग ते मूल मोठं झाल्यावर त्याला मी खरं काय सांगू? म्हणू, तुझ्या आजोबांनाही ते लोकांत सांगवलं नाही?"

मी चपला घातल्या. भट्टीवर जाऊन खुबूस आणले, आणायची गरज नसताना.

त्या शुक्रवारी दुपारी घर भरलं. एसी सगळे चालू, तरी दमटपणा असा की फुलं कोमेजायला लागली. बायका सुनेला साडी नेसवायला आतल्या खोलीकडं निघाल्या. पुरुष हॉलमध्ये सोफ्यावर, तो बँकेतला गृहस्थही होता. सून दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मला समजलं, आत्ता नाही तर हिला त्या साडीत बसावं लागेल, नाहीतर सगळ्यांसमोर उठून जावं लागेल. दोन्ही माझ्यामुळं.

मी उठलो. "ताई, जरा थांबा. साडी नंतर. आधी माझं ऐका."

सगळे वळले.

"जयंतीला मी बोललो ते अर्धं बोललो. मूल आमचं आहे, सुनेचं आणि माझ्या मुलाचं. पण ते हिच्या पोटात नाही. हिची पिशवी काढलेली आहे. जॉर्जियात एक बाई आहे, तिच्या पोटात वाढतंय. सगळं रीतसर, कायद्यानं. हिनं मला कुणाला सांगू नका म्हटलं होतं. मी तोऱ्यात बोलून गेलो. नंतर हिनं नीट सांगा म्हटलं, तर चार महिने तोंड उघडलं नाही. चूक माझी. हिला कुणी काही विचारायचं नाही. विचारायचं ते मला विचारा."

मग बँकेतला गृहस्थ म्हणाला, "म्हणजे काका, भाड्यानं?"

"घर भाड्यानं असतं," मी म्हणालो. "हे घर भाड्याचंच आहे, दिसलं नाही का तुला? ती बाई माणूस आहे. तिला उलट्या होतात."

सुनेनं तोंडाला ओढणी लावली. हसते की रडते ते कळलं नाही.

एक जोडपं चपला घालून निघून गेलं. पोराला ताप आहे म्हणाले. पोर तर तिथंच सरबत पीत होतं. एक बाई म्हणाली, आमच्यात असलं चालत नाही. ताईंनी तिला विचारलं, "आमच्यात म्हणजे कुणात गं? तू आणि मी एकाच हॉलात वंदना म्हणतो." ती बाई गेली नाही, पण जेवेपर्यंत गप्पच होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मिठ्या मारल्या, असलं काही झालं नाही.

ताईंच्या हातात नारळ आणि तांदळाचं ताट होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि सरळ अडचणीचंच विचारलं. "बरं. मग ओटी कुणाची भरायची?"

आणि मग जो गोंधळ सुरू झाला! एक म्हणाली, जिच्या पोटात तिची. दुसरी म्हणाली, ती कुठं जॉर्जियात, नारळ काय कुरिअरनं पाठवायचा? तिसरी म्हणाली, आई तर हीच ना, मग हिचीच. माझी बायको म्हणाली, "दोघींची भरा. तांदूळ काय कमी पडत्यात?" एप्रिलमध्ये उशी बांध म्हणणारी तीच बाई. मी तिच्याकडं पाहिलं, तर म्हणाली, "काय बघताय? मला काय कळत न्हाई व्हय?"

मुलानं फोन लावला. ती बाई उचलेल की नाही, माहीत नव्हतं. उचलला. दवाखान्याच्या मुलीला सुट्टी होती, मधे भाषा करायला कुणीच नाही. तिनं पंधरा बायका, फुलं, हिरवी साडी पाहिली आणि मागं वळून आपल्या पोराला हाक मारली. माझ्या मुलानं फोनमधल्या भाषांतराच्या यंत्रावर मराठीचं त्यांच्या भाषेत करायचा उद्योग केला. यंत्रानं काय काय केलं देव जाणे, तिला बहुतेक वाटलं की आमच्याकडं कुणाचं तरी लग्न आहे. तीही थांबा म्हणत एक मोठा हार घेऊन आली. बघतो तर लसणाची माळ. स्वयंपाकघरात तेवढाच हार होता. तिनं ती गळ्यात घातली आणि पोट धरून हसली.

सून पाटावर बसली. शेजारी खुर्चीवर फोन उभा केला. ताईंनी आधी सुनेची ओटी भरली, मग ओंजळीतले तांदूळ फोनपुढं ठेवले, नारळ ठेवला. मग दोन वाट्या झाकून आणल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा आपला खेळ. ताई म्हणाल्या, "निवड तिनं करायची. तिलाच लाथा बसतात." फोनपुढं वाट्या धरल्या. बाईनं थोडा विचार केल्यासारखं करून डावीकडं बोट केलं. सुनेनं झाकण काढलं.

बर्फी.

"मुलगी!" सगळ्या ओरडल्या. ती बाईही तिकडून काहीतरी ओरडली. फोनवर ते मराठीत उमटलं: मला माहीत होतं. तिला खरंच माहीत होतं की काय, ते सुनेनं विचारू दिलं नाही. बर्फीचा तुकडा तिनं फोनपुढं धरला, मग स्वतः खाल्ला. मग पंगत बसली, चार महिन्यांत मी तिला इतकं पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं. तो बँकेतला गृहस्थ माझ्या शेजारी जेवायला बसला. पुरण वाढताना म्हणाला, "काका, शब्द चुकला माझा." मी म्हणालो, "तूप घे."

खेळ खरा निघाला. मुलगी झाली. आता दीड वर्षाची आहे, आणि लिहिताना ती माझा कागद ओढते म्हणून मी दार लावून बसलोय.

पण त्या शुक्रवारचं एक राहिलं. सगळे गेल्यावर सून केसातली फुलं काढत होती. म्हणाली, "बाबा, ऑक्टोबरात आम्ही दोघं जाणार. पासपोर्ट, कागद, महिना-दीड महिना तरी लागेल. तुम्ही येणार नाही म्हणालात ते ठाऊक आहे. पण तिनं आज परत विचारलं, तो म्हातारा येणार का."

"माझा पासपोर्ट संपतोय," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी."

मी फेब्रुवारीपासून म्हणत होतो, परक्या मुलखात मी कशाला, मला काय काम तिथं. तेही सगळ्यांना सांगून बसलो होतो. मी म्हणालो, "बघू." तिनं फुलं ओट्यावर ठेवली आणि दिवा मालवून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी उठायच्या आत मी दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि चालत फोटो स्टुडिओवर गेलो. अजून शटर खाली होतं. पायरीवर बसलो, घामानं शर्ट पाठीला चिकटला. मल्याळी मालक आला, त्यानं पंखा लावून मला थंड होऊ दिलं, मग स्टुलावर बसवलं. "चाचा, पासपोर्ट का है, हँसने का नहीं." तीन फोटो त्यानं बाद केले. चौथ्याला मी श्वास धरून बसलो. तो पास झाला. आठ प्रती घेतल्या.